घरी टी-शर्ट प्रिंटिंग करायचंय: विनायल, डीटीएफ, सबलिमेशन की स्क्रीन, आणि कोकणच्या हवेत यातलं काय टिकतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. दापोलीजवळच्या गावात घरी शिलाईचं काम चालू आहे, त्याच्या जोडीला टी-शर्टवर डिझाइन छापून द्यायचंय, हाताशी ५०,००० रुपये आहेत, गणपतीत मंडळांच्या आणि दिवाळीनंतर क्रिकेट टीमच्या ऑर्डर मिळतील असं वाटतंय. तर सबलिमेशन प्रिंटर घेऊ, डीटीएफ मशीन घेऊ की विनायल कटर, आणि स्क्रीन प्रिंटिंग आता जुनं झालं का? मी कुडाळला बरीच वर्षं हेच काम करते, सुरुवात स्क्रीनने केली आणि बाकीचं एकेक करत शिकले, त्यामुळे जरा लांबण लागेल पण सगळं नीट सांगते.

पहिली गोष्ट म्हणजे मशीन नंतर बघा, आधी कापड बघा. गिऱ्हाईक येतं तेव्हा ते फक्त डिझाइन दाखवतं, कापडाचं काही बोलत नाही, पण सगळं कापडावरच ठरतं. मंडळाचे टी-शर्ट बहुतेक कॉटनचे नाहीतर कॉटन-पॉलिएस्टर मिक्स असतात आणि क्रिकेटची जर्सी पूर्ण पॉलिएस्टर, आता या दोघांना एकच पद्धत चालेल असं कोणी सांगत असेल तर तो मशीन विकणारा आहे असं समजा. कापडानंतर बघायचं की एकाच डिझाइनचे नग किती, आणि त्यानंतर रंग किती. एवढं समजलं की चारातल्या तीन पद्धती आपोआप गळतात.

सबलिमेशनपासून सुरू करते कारण सगळ्यात जास्त फसगत तिथे होते. सबलिमेशनची शाई म्हणजे डिस्पर्स डाय, ती कागदावर उलटी छापायची आणि साधारण १९०-२०० डिग्रीला ४५ ते ६० सेकंद हीट प्रेसमध्ये, म्हणजे गरम प्लेटने दाबणाऱ्या मशीनमध्ये, कापडावर दाबायची, उष्णतेने तिचा वायू होतो आणि तो पॉलिएस्टरच्या धाग्याच्या आत जाऊन बसतो. वर थर राहत नाही, म्हणून हाताला काही लागत नाही, भेगा पडत नाहीत, कापड फाटेल पण प्रिंट जाणार नाही. पण हे फक्त पॉलिएस्टरवर. कॉटनच्या धाग्यात तो रंग बसतच नाही, छापल्यावर दिसतो पण दोन-चार धुण्यांत निघून जातो. दुसरं म्हणजे या शाईत पांढरा रंग नसतो, जिथे डिझाइनमध्ये पांढरं आहे तिथे कापडाचाच रंग दिसणार, म्हणजे कापड पांढरं नाहीतर अगदी फिकं हवं. काळ्या कॉटन टी-शर्टवर फोटो पाहिजे म्हणून सबलिमेशन प्रिंटर घेतलेली माणसं माझ्याकडे येतात आणि मग त्यांना समजावताना मलाच वाईट वाटतं. प्रिंटर घ्यायचाच झाला तर पायझो हेडवाला, म्हणजे शाई न तापवता फेकणारा लागतो, म्हणून लोक एप्सनचे इंकटँक घेतात, ज्या प्रिंटरमध्ये शाई तापवून फेकतात त्यात ही शाई चालत नाही. आणि नवा प्रिंटर आणून पहिल्यापासून त्यात सबलिमेशनचीच शाई भरायची, आधी साधी शाई वापरलेला प्रिंटर नको.

मग सबलिमेशन कोणासाठी चांगलं? पांढऱ्या पॉलिएस्टर टी-शर्टवर फुल कलर फोटो, वाढदिवसाचे मग, उशीचे कव्हर, कीचेन. पूर्ण जर्सीभर डिझाइन असलेले जे टीमचे ड्रेस हल्ली दिसतात ते पण सबलिमेशनच, पण ते कापड आधी रोलवर छापून मग शिवलेलं असतं, त्याला मोठा रोल प्रिंटर आणि गरम रोलरचं कॅलेंडर मशीन लागतं, ते घरी होत नाही. मात्र तुमच्या हातात शिलाई आहे ना, तर छापलेले कट पीस मागवून जर्सी शिवून देणं हा वेगळा धंदा तुम्हाला जमू शकतो, तो विचारात ठेवा.

आता डीटीएफ, म्हणजे डायरेक्ट टू फिल्म. गेल्या काही वर्षांत याने सगळं बदलून टाकलं हे खरं आहे. फिल्मवर आधी रंग छापतात, त्यावर पांढरी शाई, ओल्या शाईवर गोंदाची पावडर भुरभुरवतात, ती वितळवून घेतात आणि मग ती फिल्म टी-शर्टवर साधारण १५०-१६० डिग्रीला १०-१५ सेकंद दाबली की डिझाइन कापडावर. कॉटन, पॉलिएस्टर, मिक्स, काळं, पांढरं, सगळ्यावर चालतं, कितीही रंग असू देत, एक नग पण काढता येतो. घरी काम करणाऱ्याला यापेक्षा सोयीचं काही नाही असं मी मनापासून सांगते.

पण मशीन घेऊ नका. हे जरा ठासून सांगते कारण ५०,००० मध्ये साध्या फोटो प्रिंटरला बदल करून बनवलेलं डीटीएफ मशीन देतो म्हणणारे भेटतात. पांढऱ्या शाईत टायटॅनियम डायऑक्साइड असतं, ते जड असतं, खाली बसतं, म्हणून शाई सतत हलती ठेवावी लागते आणि मशीन रोज थोडं तरी चालवावं लागतं. चार दिवस लाईट नाही, किंवा तुम्ही लग्नाला गावाला गेलात, की हेड चोक. हेड बदलायचा खर्च येतो तो छोट्या मशीनच्या किमतीच्या मानाने फार जड पडतो. त्यात आपली हवा. या मशीनला साधारण ४० ते ६० टक्के आर्द्रता मानवते आणि आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये ती ९० च्या आसपास असते. पावडर ओल धरते, गुठळ्या होतात, जिथे शाई नाही तिथे पण फिल्मला चिकटते आणि मग काळ्या टी-शर्टवर डिझाइनभोवती पांढरे ठिपके. एसी किंवा डीह्युमिडिफायर लावलेली बंद खोली असेल तर गोष्ट वेगळी, पण पडवीत मशीन ठेवून पावसाळा काढणं होत नाही. शिवाय पावडर भाजताना धूर येतो, तो घरात, लहान मुलं आहेत तिथे नकोच.

त्याऐवजी छापलेल्या फिल्म मीटरवर मागवायच्या. मुंबई-पुण्याला, कोल्हापूर-इचलकरंजीला हे काम करून देणारे आता भरपूर आहेत, फाइल पाठवली की रोल कुरिअरने येतो. हिशेब असा करायचा: रोलची छपाईची रुंदी २२ इंच धरली आणि १ मीटर म्हणजे साधारण ३९ इंच, तर त्यात ए-फोर आकाराची ६ डिझाइन बसतात, आडवी दोन, उभी तीन. आणि बाजूला पाच इंचांहून थोडी जास्त पट्टी उरते, ती रिकामी सोडायची नाही, त्यात खिशावरचे छोटे लोगो टाकायचे, १० तरी आरामात बसतात. म्हणजे मीटरचे पैसे तेवढेच आणि पुढचं-मागचं दोन्ही निघालं. ही मांडणी शिकून घ्या, यातच कमाई आहे. पावसात मात्र घाट बंद झाला की पार्सल अडकतं, म्हणून गणपतीच्या ऑर्डरची फिल्म श्रावणातच येऊन पडलेली बरी, आणि आल्या आल्या हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवायची.

फिल्म दाबताना सगळ्यात महत्त्वाचं काय तर आधी टी-शर्ट रिकामाच ५-१० सेकंद दाबून घ्यायचा. लोक हे करत नाहीत आणि मग कडा सुटल्या की फिल्मवाल्याला शिव्या देतात. कॉटन हवेतली ओल धरतं, ६५ टक्के आर्द्रतेला कॉटन त्याच्या वजनाच्या जवळजवळ साडेआठ टक्के पाणी धरून असतं आणि पॉलिएस्टर अर्धा टक्का पण नाही, आता आपल्या पावसाळ्यात कॉटन किती धरत असेल विचार करा. ती वाफ प्रेसखाली बाहेर पडताना गोंदाला नीट चिकटू देत नाही. पावसाळ्यात मी दोनदा दाबते, मध्ये प्रेस उघडून वाफ जाऊ देते. मग फिल्म दाबायची, सोलायची, आणि सोललेल्यावर बटर पेपर ठेवून परत ५-१० सेकंद. हा शेवटचा दाब टाळू नका, धुण्यातला टिकाऊपणा त्याने खूप वाढतो. फिल्म गरम असताना सोलायची की गार झाल्यावर हे फिल्म देणाऱ्याला विचारूनच करा, दोन्ही प्रकारच्या येतात आणि गार सोलायची फिल्म गरम ओढलीत तर अर्धं डिझाइन फिल्मवरच राहतं.

विनायल म्हणजे कापून चिकटवायची रंगीत शीट, कटरने उलटं कापायचं, नको असलेला भाग सुईने काढायचा आणि दाबायचं. एका रंगाचं नाव, नंबर, ‘टीम अमुकतमुक’ असं असेल तर हे उत्तम, कडा एकदम सुबक येतात आणि प्रत्येक खेळाडूचं नाव वेगळं असलं तरी काही अडत नाही. पण १०० टी-शर्टवर बारीक नक्षी विनायलने करायला घेऊ नका, काढत बसायलाच दिवस जातात. घेताना पीयू विनायल घ्या, पीव्हीसीवालं जाड आणि कडक असतं, आपल्या उकाड्यात छातीवर प्लास्टिकचा तुकडा चिकटवल्यासारखं वाटतं आणि घाम आत कोंडतो.

इथे देवनागरीचं एक सांगायलाच पाहिजे कारण कटरचे सगळे व्हिडिओ इंग्रजी अक्षरांवर असतात. आपल्या अक्षरांना शिरोरेषा आहे म्हणून अख्खा शब्द एकच तुकडा म्हणून कापला जातो, उचलायला, सरळ लावायला फार सोपं. पण ते कापण्याआधी सगळी अक्षरं वेल्ड करून एकसंध आकार करून घ्यावा लागतो, नाहीतर दोन अक्षरं जिथे एकमेकांवर चढतात तिथे ब्लेड आतून पण कापतं आणि रेषेचे तुकडे पडतात. कटरच्या सॉफ्टवेअरमध्ये थेट मराठी टाइप केलं तर जोडाक्षरं कधीकधी फुटतात, म्हणून इंकस्केप किंवा कोरलमध्ये टाइप करून आउटलाइनमध्ये बदला आणि मग न्या. आणि अनुस्वार. तो एकटा सुटा ठिपका असतो, त्याला धरायला काही नसतं, बारीक ठेवलात तर सगळ्यात आधी तोच जातो आणि ‘मंडळ’चं ‘मडळ’ होतं. निदान ३ मिलिमीटरचा ठेवा, रफारही जरा जाड करून घ्या. डिझाइन थोडं बदललं तरी चालतं, शुद्धलेखन गेलं तर लोक वर्षभर बोलतात.

जर्सीवर विनायल किंवा डीटीएफ लावताना एक मोठा धोका आहे. लाल, मरून, गडद निळी पॉलिएस्टर जर्सी ज्या रंगाने रंगवलेली असते तो पण डिस्पर्स डायच, म्हणजे सबलिमेशनवालीच जात. गरम केलं की तो रंग कापडातून उठतो आणि वरच्या पांढऱ्या नंबरात शिरतो. लगेच दिसत नाही, पण थोड्या दिवसांत पांढरा नंबर गुलाबी. त्यामुळे पॉलिएस्टरसाठी कमी तापमानाला लागणारं विनायल किंवा तशी फिल्म मागायची, १२०-१३० डिग्रीत काम होईल अशी, किंवा रंग अडवणारा थर असलेलं विनायल. आणि आधी एक नमुना करून निदान दोन-तीन दिवस ठेवायचा, मगच बाकीच्यांना हात लावायचा.

स्क्रीन प्रिंटिंग जुनं झालं का? अजिबात नाही. फ्रेमवर ताणलेल्या जाळीत डिझाइनपुरती जागा मोकळी ठेवायची आणि तिथून शाई कापडावर ओढायची, हे स्क्रीन प्रिंटिंग. एक-दोन रंग आणि ५०-६० च्या वर नग असतील तर आजही त्याला तोड नाही. समजा एक स्क्रीन तयार करायला सगळं धरून ६०० रुपये आले, तर १० टी-शर्टला तेच नगामागे ६० पडतात आणि ६० टी-शर्टला १०, वर शाईचा खर्च किरकोळ. डीटीएफमध्ये पहिला नग आणि शंभरावा नग सारखाच पडतो. आणि टिकण्याचं म्हणाल तर आपल्याकडे कपडे कसे धुतात ते बघा ना, धोंडीवर आपटून, वर साबणाची वडी आणि ब्रश. चिकटवलेली कुठलीही प्रिंट ब्रशखाली फार दिवस टिकत नाही. पाण्याच्या पिगमेंट शाईची, नीट भाजलेली स्क्रीन प्रिंट कापडातच मुरलेली असते, ती हे सहन करते. म्हणून मच्छीमार सोसायटी, बागेतले कामगार, स्कुबावाली मुलं, रोज खारं पाणी आणि उन्हात काम करणाऱ्यांना मी आजही स्क्रीनच सुचवते.

पण पावसाळ्यात स्क्रीन बनवणं अवघड, हे पण खरं. जाळीवर लावलेलं इमल्शन, म्हणजे उजेडाने घट्ट होणारा लेप, आतून पूर्ण सुकायला हवं, ओल राहिली तर एक्स्पोज केल्यावर, म्हणजे डिझाइन ठेवून उजेड दाखवल्यावर, धुताना डिझाइनसकट सगळं निघून येतं. अंधाऱ्या बंद कपाटात ओल शोषणारे डबे ठेवून त्यात स्क्रीन सुकवा आणि घाई करू नका. एप्रिलमध्ये खळ्यातल्या उन्हात पटकन एक्स्पोज होतं, पण ढगाळ हवेत उन्हाचा भरवसा नाही म्हणून यूव्ही एलईडीचा एक फ्लडलाइट घ्या आणि वेगवेगळ्या वेळेच्या पट्ट्या काढून तुमच्या इमल्शनला किती वेळ लागतो ते एकदाच ठरवून भिंतीवर लिहून ठेवा. टी-शर्टला साधारण ११० मेशची जाळी बरी पडते, बारीक रेघा असतील तर जरा वरची. काळ्या कापडावर साधी पिगमेंट शाई बुडून जाते, तिथे खादी पेस्ट, म्हणजे कापडाचा रंग झाकणारी दाट शाई, लागते. शाई सुकली म्हणजे पक्की झाली असं नाही, प्रेसखाली १५० डिग्रीच्या आसपास काही मिनिटं भाजावी लागते, आणि पक्की झाली का ते बघायला पांढरं ओलं फडकं जोरात घासायचं, रंग आला तर परत भाजायची.

आणि एक कळकळीची विनंती. बाजारात स्वस्त इमल्शनसोबत जी नारिंगी पूड किंवा पाणी देतात ते बायक्रोमेट असतं, ते विषारी आहे, कॅन्सर होऊ शकतो. स्क्रीन धुतलेलं पाणी माडाच्या आळ्यात सोडायची आपल्याकडे सवय असते कारण घरचं सगळंच पाणी तिकडे जातं, आणि आळं विहिरीच्या शेजारी. कृपा करून ते करू नका. डायझो किंवा तयार फोटोपॉलिमर इमल्शन घ्या, थोडं महाग पडतं पण विहिरीपेक्षा महाग नाही, आणि हातात ग्लोव्हज घाला.

इंकजेटच्या ट्रान्सफर पेपरबद्दल फार लिहीत नाही, एका दिवसाच्या कार्यक्रमापुरता ठीक, पैसे घेऊन विकायला नको. डीटीजी म्हणजे थेट टी-शर्टवर छापणारं मशीन, ते सुंदर काम करतं पण तुमच्या बजेटच्या कितीतरी पलीकडे आहे.

तर ५०,००० चं काय करायचं? या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे, हीट प्रेस. स्क्रीन प्रिंट भाजायला तीच, डीटीएफला तीच, विनायल आणि सबलिमेशनला पण तीच. म्हणून साधारण तिसरा हिस्सा त्यावर घाला, १५ बाय १५ इंचाची सपाट प्रेस, मग-टोपी-प्लेट सगळं एकात करणारा संच नको. घेताना दुकानात चालू करून चारही कोपऱ्यांचं तापमान मोजा, डिस्प्लेवर १६० दाखवून कोपऱ्यात १४० असणाऱ्या प्रेस खूप असतात आणि मग डिझाइनचा एकच कोपरा नेहमी सुटतो. दाब बघायला कागदाची पट्टी चारही कोपऱ्यांत एकेक करून दाबून ओढा, सगळीकडे सारखीच अडकली पाहिजे. पोलो टी-शर्टची बटणपट्टी किंवा जाड शिवण मध्ये आली तर दाब तिथेच जातो, म्हणून खाली माऊसपॅडसारखा जाड रबराचा तुकडा घालून छापायचा भाग उचलून घ्या.

प्रेससाठी वायरिंग आधी बघून घ्या. अशी प्रेस १८०० ते २००० वॅट खाते, म्हणजे ८-९ अँपिअर, साध्या ६ अँपिअरच्या प्लगवर लावू नका, प्लग वितळतो. १६ अँपिअरचा पॉइंट आणि चांगलं अर्थिंग करून घ्या, दमट हवेत अर्थिंगला पर्याय नाही. घरच्या साध्या इन्व्हर्टरवर ती चालत नाही. आणि संध्याकाळी गावात व्होल्टेज २३० चं १८० वर आलं तर प्रेसची ताकद साधारण ६० टक्केच उरते, तापायला वेळ लागतो आणि प्रत्येक टी-शर्टनंतर प्लेट गार होत जाते, अशा वेळी दोन टी-शर्टमध्ये थांबून आकडा परत वर येऊ द्या. मोठी ऑर्डर असेल तर पहाटे काम करा, व्होल्टेज चांगलं असतं.

उरलेल्यातून स्क्रीनचं साहित्य, दोन-तीन फ्रेम, शाई ओढायची स्क्वीजी, शाई, एवढं थोडक्यात बसतं. काही रक्कम फिल्म आणि कोऱ्या टी-शर्टसाठी हातात मोकळी ठेवा, कारण मंडळाचे पैसे वर्गणी जमल्यावर येतात आणि माल आधी भरावा लागतो. कटर आत्ता नको, क्रिकेटचा सीझन दिवाळीनंतर सुरू होतो, गणपतीच्या कमाईतून तेव्हा घ्या. तोपर्यंत नाव-नंबरही डीटीएफ फिल्मवरच छापून मागवता येतात. सबलिमेशन प्रिंटर पुढच्या वर्षी, छापलेल्या मगांची आणि भेटवस्तूंची मागणी दिसली तरच.

मंडळाची ऑर्डर घेताना साइजची यादी मंडळाकडून लेखी घ्या, निदान व्हॉट्सअ‍ॅपवर, आणि मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्यांचे साइज वेगळे मागा कारण ते नेहमी शेवटच्या दोन दिवसांत कळवतात. प्रत्येक साइजचे एक-दोन टी-शर्ट आणि थोडी फिल्म जास्त ठेवा. पैसे निम्मे आधी. कंपन्यांचे लोगो, सिनेमातले फोटो, आयपीएल टीमची चिन्हं छापून मागतील, ते घेऊ नका, तुमच्या गावच्या देवळाचं, होडीचं, दशावताराच्या मुखवट्याचं चित्र कोणाकडून तरी नवीन काढून घ्या, ते जास्त खपतं हा माझा अनुभव आहे. आणि प्रत्येक टी-शर्टसोबत एक चिठ्ठी द्या: पहिले २४ तास धुवू नका, उलटा करून गार पाण्यात धुवा, प्रिंटवर ब्रश आणि इस्त्री नको. चिठ्ठी मराठीत आणि मोठ्या अक्षरात छापा, कारण कपडे धुणारं माणूस वेगळं असतं आणि टी-शर्ट घालणारं वेगळं.